चित्रपटाची प्रत कुणाच्या कपाटात असावी?

गेल्या वर्षीची गोष्ट. ‘साहित्य आणि चित्रपट’ या अभ्यासपत्रिकेसाठी आम्ही एक मराठी कादंबरी आणि तिच्यावर बेतलेला चित्रपट लावला होता. कादंबरीच्या प्रती ग्रंथालयात होत्या. चित्रपट एका ओटीटी सेवेवर उपलब्ध होता, म्हणून त्याची प्रत मिळवण्याचा विचार कुणाच्या मनात आला नाही. सत्राच्या आरंभी एका सहकाऱ्याच्या वर्गणीवर तो वर्गात दाखवला. दोन महिन्यांनी विद्यार्थ्यांनी स्वाध्याय लिहून आणले. विषय होता कादंबरीचा शेवट आणि चित्रपटाचा शेवट यांतील अंतर. एका विद्यार्थिनीने लिहिले होते की अखेरच्या दृश्यात नायिका मागे वळून पाहत नाही, आणि तिची सगळी मांडणी या न पाहण्यावर उभी होती. मला पक्के आठवत होते की ती वळून पाहते. ताडून पाहावे म्हणून सेवा उघडली, तर चित्रपट तेथे नव्हता. सूचना नाही, तारीख नाही. नाव शोधले की त्याऐवजी भलत्याच चार चित्रपटांची शिफारस येई. मी स्वतःच्या स्मरणावर विसंबलो आणि तिचे गुण कापले.

परीक्षा उरकल्यावर एका निवृत्त प्राध्यापकांच्या घरी त्याच चित्रपटाची जुनी डीव्हीडी निघाली. नायिका मागे वळून पाहत नाही. तोवर गुण विद्यापीठाकडे गेले होते. त्या मुलीला बोलावून ‘तुझे बरोबर होते, माझे चुकले’ एवढेच सांगता आले. ‘असू दे सर,’ म्हणून ती निघून गेली. कादंबरीच्या बाबतीत असा वाद झाला असता तर मी उठून कपाटातून पुस्तक काढले असते, पान उघडले असते आणि दोन मिनिटांत निकाल लागला असता. चित्रपट आम्ही अभ्यासक्रमात लावला होता, पण तो आमच्याकडे नव्हताच. ही गोष्ट मला तेव्हा प्रथम नीट उमगली.

यंदा विभागाला दृक्‌श्राव्य साधनांसाठी थोडा निधी मंजूर झाला. टीव्ही आणि ध्वनिवर्धक आधीच होते. मी ब्लू-रे प्लेअरची मागणी नोंदवली. खरेदी समितीसमोर तीन दरपत्रके आली, आणि तिन्हींत एकच शब्द ठळक होता : स्मार्ट. म्हणजे डिस्क वाजवणाऱ्या यंत्रातच वाय-फाय आणि ओटीटी सेवांची ॲप्स. प्राचार्यांनी रास्त प्रश्न विचारला, ‘सर, हे सगळे टीव्हीतच आहे. मग हा आणखी एक डबा कशाला?’ बैठकीत मला नीट उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते राहून गेलेले उत्तर आहे. घरी होम थिएटर उभारण्याच्या विचारात असलेल्या साहित्यप्रेमी वाचकांनाही ते उपयोगी पडेल, कारण प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

प्रथम या यंत्राविषयी थोडे. सीडी, डीव्हीडी आणि ब्लू-रे या तिन्ही चकत्या १२ सेंटिमीटर व्यासाच्याच. फरक आहे तो त्या वाचणाऱ्या किरणात. सीडी वाचणाऱ्या लेझरची तरंगलांबी ७८० नॅनोमीटर, डीव्हीडीची ६५०, तर ब्लू-रेची ४०५. किरण जितका बारीक, तितकी अक्षरे लहान काढता येतात आणि तेवढ्याच पानावर मजकूर अधिक मावतो. डीव्हीडीच्या एका थरात ४.७ जीबी माहिती बसते, ब्लू-रेच्या एका थरात २५ जीबी. २००६ साली हे तंत्र बाजारात आले. एचडी डीव्हीडी नावाचे प्रतिस्पर्धी तंत्र तोशिबाने चालवले होते, ते फेब्रुवारी २००८ मध्ये माघारी गेले. २०१६ पासून ४के चित्र देणाऱ्या अल्ट्रा एचडी ब्लू-रे डिस्क मिळू लागल्या.

ओटीटीवरही ‘फुल एचडी’ आणि ‘४के’ लिहिलेले असते. मग फरक कोठे पडतो? फरक आहे दर सेकंदाला पोहोचणाऱ्या माहितीच्या राशीत. साध्या ब्लू-रेवर केवळ चित्रासाठी सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत माहिती वापरता येते. नेटफ्लिक्स फुल एचडीसाठी ५ आणि ४केसाठी १५ मेगाबिटचा वेग असावा असे सुचवते. नव्या संकेतनपद्धती थोड्या जागेत अधिक बसवतात, त्यामुळे ही तुलना सरळ भागाकाराची नाही. तरीही अंतर उरतेच. ते बोलक्या, उजेडातल्या दृश्यांत जाणवत नाही. अंधार, धूर, पाऊस, जुन्या फिल्मवरचे कण, जेथे पडद्यावरचा प्रत्येक बिंदू सतत बदलतो, तेथे ते दिसते. सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’मध्ये दुर्गा भिजते तो पाऊस आठवावा. असा पाऊस दाबून बसवणे कोणत्याही संगणकाला जड जाते. मग थेंबांच्या जागी पांढुरका लगदा दिसू लागतो. ध्वनीचेही तसेच आहे. ब्लू-रेवर मूळ ध्वनिमुद्रणातले काहीही न गाळता साठवण्याची सोय आहे, तर ओटीटीवर येणारा ध्वनी सहसा छाटलेला असतो. घरी चांगले स्पीकर लावणाऱ्याने हा हिशेब करावा. वर्गातल्या पन्नास मुलांना संवाद स्पष्ट ऐकू यावेत, एवढी आमची गरज आहे.

आता ‘स्मार्ट’कडे वळू. प्लेअरमध्ये ओटीटी का आली, याला एक इतिहास आहे. २००८ साली एलजीने अमेरिकेत नेटफ्लिक्स दाखवू शकणारा ब्लू-रे प्लेअर आणला. तेव्हा बहुतेकांच्या टीव्हीला इंटरनेट ठाऊक नव्हते. टीव्हीला इंटरनेटपर्यंत नेणारा एखादा पूल हवा होता, आणि दिवाणखान्यात असलेला प्लेअर तो पूल बनला. त्या काळी ही सोय खरोखरच मोलाची होती. आज टीव्हीतच ॲप्स असतात, आणि जुन्या टीव्हीला पेनड्राइव्हएवढी एक काडी मागे खोचली की काम भागते. गरज संपली, तरी जाहिरातीतला शब्द मात्र उरला.

ॲपचे आयुष्य यंत्राच्या आयुष्याहून फार कमी असते. लेझर दहा-बारा वर्षे टिकू शकतो, पण ॲप चालू राहणे हे प्लेअर बनवणारा आणि ओटीटी चालवणारा अशा दोन परक्या कंपन्यांच्या मर्जीवर अवलंबून असते. दोघांपैकी एकाने हात काढला की पडद्यावर ‘हे उपकरण आता चालणार नाही’ असे वाक्य येते. माझ्या घरच्या प्लेअरचे असेच झाले. विकत घेताना ज्या चार ॲप्ससाठी मी जास्तीचे पैसे मोजले, त्यांतले एकही आज उघडत नाही. डिस्क मात्र तो पहिल्या दिवसासारखीच वाजवतो. मी घेतले होते ते दोन वेगळ्या आयुर्मानांचे यंत्र एका पेटीत, आणि पैसे दिले होते त्यांतल्या अल्पायुषी भागासाठी. तेव्हा माझे पहिले मत असे : प्लेअर निवडताना ओटीटीच्या सोयी हा निकष नसावाच. त्या फुकट आल्या तर येऊ द्याव्यात. ओटीटी पाहावी ती टीव्हीवर किंवा त्या स्वस्त काडीवर. बिघडली किंवा जुनी झाली की काडी बदलावी. प्लेअर निवडावा तो केवळ डिस्क वाचण्यासाठी.

पण प्राचार्यांच्या प्रश्नाचा गाभा याहून खोल आहे. डिस्क तरी कशाला, असे त्यांना विचारायचे होते. याचे उत्तर तंत्रज्ञानात शोधण्यापेक्षा आपल्या शास्त्रात, म्हणजे पाठचिकित्सेत शोधावे असे मला वाटते.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हे आपण पहिल्या वर्षाच्या मुलांनाही शिकवतो. हे शक्य झाले, कारण प्रती होत्या. त्या अशुद्ध असतील, एकमेकींशी न जुळणाऱ्या असतील, पण वेगवेगळ्या हातांत होत्या. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, ती बाराशेहून अधिक हस्तलिखिते धुंडाळून. देशभर मठांत, संस्थानांत आणि घराघरांत पोथ्या पडून होत्या, म्हणून पाठभेद दिसले. पाठभेद दिसले, म्हणून पाठनिश्चिती करता आली. मूळ पाठाचे रक्षण कोणी एकाने केले नव्हते. प्रती विखुरलेल्या होत्या, त्यामुळे ते होऊन गेले.

ओटीटीवर चित्रपटाची प्रत एकच असते, आणि ती आपल्याकडे नसते. आपल्याला मिळतो तो तेवढ्यापुरता दिसणारा प्रवाह. मध्यवर्ती प्रत बदलली, तर ती सर्वांसाठी एकाच क्षणी बदलते, आणि आधीचा पाठ काय होता हे ताडून पाहायला कुणाकडे काही उरत नाही. ही भीती काल्पनिक नाही. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मध्ये दिग्दर्शक जॉर्ज ल्यूकस यांनी १९९७ मध्ये बदल केले. खानावळीतल्या एका झटापटीत आधी गोळी कोणी झाडली, यासारखा पात्राचा स्वभावच पालटणारा बदल त्यात होता. २०१९ मध्ये डिस्ने प्लस ही सेवा सुरू झाली तेव्हा त्याच दृश्यात आणखी एक फेरफार झालेला प्रेक्षकांना दिसला. तो ओळखता आला, कारण लोकांच्या घरी जुन्या चित्रफिती आणि डिस्क होत्या. २००६ च्या डीव्हीडी संचात मूळ पाठ जोड म्हणून दिलेला होता. ल्यूकस यांचे बदल योग्य की अयोग्य हा स्वतंत्र वाद आहे. आपल्या कृतीवर पुन्हा हात फिरवण्याचा लेखकाचा हक्क आपण साहित्यातही मान्य करतो. पण दुसरी आवृत्ती निघाली म्हणून पहिली आवृत्ती वाचकांच्या कपाटातून उचलून नेण्याचा हक्क कुणालाच नसतो.

पुस्तकांच्या बाबतीत हेही एकदा घडून गेले आहे, आणि ज्या पुस्तकाबाबत घडले ते पाहता नियतीला विनोदबुद्धी असावी असे वाटते. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने ग्राहकांच्या किंडलवरून जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’च्या विकत घेतलेल्या प्रती दुरून पुसून टाकल्या. ज्या प्रकाशकाने ती आवृत्ती विक्रीस ठेवली होती, त्याच्याकडे हक्क नव्हते, असे कारण होते. पैसे परत मिळाले, कंपनीने माफीही मागितली. पण ‘विकत घेणे’ या क्रियापदाचा अर्थ त्या दिवशी सर्वांना नव्याने कळला. डिसेंबर २०२३ मध्ये सोनीने प्लेस्टेशनच्या ग्राहकांना कळवले की त्यांनी विकत घेतलेले डिस्कव्हरीचे कार्यक्रम त्यांच्या संग्रहातून काढले जातील. पुढे नवा करार होऊन तो निर्णय मागे घेतला गेला. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने तर कायदाच केला, तो २०२५ च्या आरंभापासून लागू आहे : ग्राहकाला मालकी न देता केवळ परवाना देणाऱ्या दुकानांनी ‘खरेदी’ हा शब्द तसा खुलासा केल्याशिवाय वापरू नये. शब्दाच्या नेमकेपणासाठी विधिमंडळाने कायदा करावा, याचे भाषेच्या शिक्षकाला अप्रूप वाटल्यावाचून राहत नाही.

वर्गाचा प्रश्न आणखी वेगळा आहे. बहुतेक ओटीटी सेवांच्या अटींत ‘वैयक्तिक आणि अव्यापारी वापर’ असे लिहिलेले असते. सहकाऱ्याच्या वर्गणीवर पन्नास विद्यार्थ्यांना चित्रपट दाखवणे त्यात बसत नाही. आम्ही ते केले, आणि ते चूक होते. उलट, आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ मध्ये शैक्षणिक संस्थेला स्पष्ट सवलत आहे. संस्थेच्या कामकाजाचा भाग म्हणून, विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी थेट संबंधित लोक एवढ्याच प्रेक्षकांपुढे चित्रपट दाखवणे हे हक्कभंग मानले जात नाही. कायद्याने दिलेली ही मोकळीक खासगी कराराच्या बारीक अक्षरांत हरवते. विकत घेतलेली डिस्क हाती असेल तर ती निर्वेधपणे वापरता येते. शिवाय आमची निम्मी मुले खेड्यांतून एसटीने येतात. त्यांच्या मोबाइलवर दिवसाला मोजून डेटा असतो. ‘घरी जाऊन पुन्हा पाहा’ असे सांगणे म्हणजे ज्याच्या घरी वर्गणी आहे त्यालाच शिकवणे. ग्रंथालयात डिस्क असेल, तर दुपारच्या मोकळ्या तासाला कुणीही ती मागून घेऊन पाहू शकेल.

या भूमिकेवर आक्षेप आहेत आणि ते वजनदार आहेत. पहिला असा : मराठीत ब्लू-रे आहेत किती? अगदीच थोड्या. आम्ही जे शिकवतो, शांता निसळ यांच्या ‘बेघर’वरचा ‘उंबरठा’ (१९८२), अरुण साधू यांच्या कादंबऱ्यांवरचा ‘सिंहासन’ (१९७९), राजन गवस यांच्या लेखनावर आधारलेला ‘जोगवा’ (२००९), आनंद यादवांचा ‘नटरंग’ (२०१०), ते बहुतांशी डीव्हीडीवर किंवा व्हीसीडीवर मिळत आले आहेत. २००७ साली मोझर बेअरने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली, तेव्हा तालुक्याच्या गावातल्या स्टेशनरीच्या दुकानातही चित्रपट टांगलेले दिसत. पुढे ती कंपनी अवसायनात गेली. पण त्या काळात घेतलेल्या चकत्या आजही शिक्षकांच्या घरी कपाटांत, माळ्यांवर, रिकाम्या बुटांच्या खोक्यांत पडून आहेत. हाच आमचा विखुरलेला हस्तलिखित-संग्रह. माझ्या चुकीचा निवाडा करणारी डीव्हीडी अशाच एका खोक्यात होती. म्हणूनच मराठीच्या शिक्षकाने ब्लू-रे प्लेअर घ्यावा तो मुख्यतः जुन्या चकत्यांसाठी. चांगला प्लेअर डीव्हीडीचे चित्र मोठ्या पडद्याला साजेल असे वाढवून देतो. नसलेले बारकावे तो निर्माण करू शकत नाही, पण वर्गाच्या शेवटच्या बाकावरून पाहण्याजोगे करतो.

दुसरा आक्षेप : डिस्कचा जमानाच सरत आला आहे. खरे आहे. नेटफ्लिक्सने टपालाने डीव्हीडी पाठवण्याचे काम सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केले. ओप्पोने २०१८ मध्ये प्लेअर बनवणे थांबवले, सॅमसंगने २०१९ मध्ये अमेरिकेच्या बाजारासाठी नवे प्लेअर काढणे बंद केले, २०२४ च्या अखेरीस एलजीनेही आवरते घेतले. फेब्रुवारी २०२५ मध्ये सोनीने बंद केले ते घरी मुद्रण करण्याच्या कोऱ्या ब्लू-रेचे उत्पादन, चित्रपटांच्या छापील डिस्कचे नव्हे. अनेकजण या दोन गोष्टींची गल्लत करतात. पण वाऱ्याची दिशा स्पष्ट आहे. यातून माझा निष्कर्ष मात्र उलटा निघतो. वाचणारी यंत्रे दुर्मिळ होत असतील, तर ज्यांच्याकडे चकत्यांचा साठा आहे त्यांनी यंत्र आताच घ्यावे. मोडी लिपी वाचणारे कमी झाले तेव्हा दप्तरे निरुपयोगी झाली नव्हती. वाचणाऱ्यांची गरज वाढली होती.

तिसरा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे, आणि तो माझ्याच एका तरुण सहकारी बाईंनी घेतला. त्या म्हणाल्या, ‘सर, तुम्ही ओटीटीला नावे ठेवता, पण आमच्या पिढीने जगातला निम्मा सिनेमा तिथेच पाहिला. आमच्या गावात कोण ब्लू-रे विकत होते?’ त्यांचे म्हणणे मी नाकारत नाही. नेटफ्लिक्स भारतात जानेवारी २०१६ मध्ये आले. त्यानंतरच्या दशकात लहान गावातल्या मुलीला इराणी आणि कोरियन चित्रपट सहज दिसू लागले, परदेशातल्या मराठी घरांत नवा मराठी चित्रपट पोहोचू लागला. फिरत्या वाचनालयाने आपल्या वाचनसंस्कृतीवर जे उपकार केले, तसेच हे. पण फिरते वाचनालय आहे म्हणून महाविद्यालयाने आपले ग्रंथालय बंद करावे, असे कुणी म्हणत नाही. भेट होण्यासाठी ओटीटी उत्तम. अभ्यासासाठी, पुन्हा पुन्हा परतून येण्यासाठी, प्रत हवी. यांतले एक असले की दुसरे नको, असे मानण्याचे कारण नाही.

चकती अमर असते असेही नाही. घरी मुद्रित केलेल्या डीव्हीडींचा रंगथर काही वर्षांत विटतो. दमट हवेत बुरशी धरते, चरे पडतात. सेल्युलॉइडच्या फिती तर याहून नाजूक. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ताब्यातल्या नायट्रेट फितींचा मोठा साठा २००३ च्या आगीत गेला. राय यांच्या अपू-त्रयीच्या मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या एका प्रयोगशाळेच्या आगीत होरपळल्या. ज्या फिती वाचल्या त्या इटलीतल्या बोलोन्या येथे हाताने दुरुस्त केल्या गेल्या, जेथे शक्य नव्हते तेथे इतरत्र जपलेल्या प्रती वापरल्या गेल्या, आणि २०१५ मध्ये त्रयी पुन्हा पडद्यावर आली. येथेही तोच धडा मिळतो : एक प्रत जळाली, तरी दुसरीकडे प्रती होत्या.

या त्रयीच्या निमित्ताने प्लेअर निवडतानाची एक व्यावहारिक अडचण सांगतो, कारण मी स्वतः तिच्यात अडकलो. अमेरिकेतल्या क्रायटेरियन या प्रकाशनसंस्थेने ही त्रयी ब्लू-रेवर काढली. एका नातेवाइकांकरवी ती मागवली, तर घरच्या प्लेअरने ती नाकारली. ब्लू-रेसाठी जगाची अ, ब, क अशी तीन क्षेत्रांत विभागणी केलेली आहे. अमेरिका आणि जपान ‘ए’मध्ये, युरोप ‘बी’मध्ये, भारत ‘सी’मध्ये. क्रायटेरियनच्या अमेरिकी डिस्क ‘ए’च्या असतात. म्हणजे बंगाली कादंबरीवरचा, बंगालमध्ये चित्रित झालेला चित्रपट भारतीय प्लेअरवर चालत नाही. डीव्हीडीचे गणित वेगळे. तेथे भारताचा क्रमांक ५ आहे. ४के अल्ट्रा एचडी डिस्कला मात्र क्षेत्राचे बंधन नाही. तेव्हा परदेशी डिस्क मागवणार असाल, तर सर्व क्षेत्रांच्या डिस्क चालवणारा प्लेअर घ्यावा. माझ्या लेखी ही सोय दहा ॲप्सपेक्षा मोलाची आहे.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. दुकानात जाताना घरातली एक जुनी मराठी व्हीसीडी खिशात ठेवावी आणि ती तेथेच लावून पाहावी. काही ब्लू-रे प्लेअर व्हीसीडी वाजवत नाहीत, आणि आपली कितीतरी नाटके केवळ व्हीसीडीवरच आहेत. पुढच्या बाजूला यूएसबी असावे, म्हणजे विभागात झालेल्या मुलाखतींचे आणि एकांकिकांचे चित्रण दाखवता येते. घरचा ॲम्प्लिफायर जुना असेल आणि टीव्ही ४के असेल, तर चित्रासाठी एक आणि ध्वनीसाठी एक अशा दोन एचडीएमआय जोडण्या देणारा प्लेअर बघावा. थोडा मागे, थोडा पुढे, एकेक चौकट असे जाता येते का, हे रिमोट हाती घेऊन पाहावे. शिक्षकाचे निम्मे काम या बटणावर चालते. दुरुस्ती जवळ कोठे होते ते विचारावे. ॲप्सची यादी वाचण्यात वेळ घालवू नये.

होम थिएटर या शब्दाकडे पाहताना मला माझे लहानपण आठवते. ऐंशीच्या दशकात वाड्यात एका रात्रीसाठी व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही भाड्याने यायचा. वर्गणी काढून तीन कॅसेट आणल्या जायच्या आणि पहाटेपर्यंत सगळा वाडा सतरंजीवर बसलेला असायचा. सकाळी यंत्र परत जाई, चित्रपटही परत जाई, आणि मग महिनाभर त्यावर भांडणे चालत : नायक आधी काय म्हणाला, तो मारा कुणी केला. निवाड्याला कॅसेट नसायची, पण त्या भांडणांत कुणाचे गुण कापले जात नव्हते. आज मी गुण देणारा आहे. माझ्या स्मरणाला पुराव्याचा दर्जा देण्याचा अधिकार मला नाही.

समितीच्या पुढच्या बैठकीत मी हेच मांडले. तीन दरपत्रकांतले सर्वांत साधे, बिनॲपचे यंत्र मंजूर झाले. त्याची डेडस्टॉक रजिस्टरात नोंद झाली, आणि ग्रंथपालांनी चकत्यांसाठी एक लहान कपाट दिले. त्यात ठेवलेली पहिली डीव्हीडी त्या निवृत्त प्राध्यापकांनी विभागाला भेट दिली आहे. तिला दाखलअंक मिळाला आहे. यंदाच्या स्वाध्यायात शेवटच्या दृश्याविषयी वाद झाला, तर आम्ही दोघे, विद्यार्थी आणि मी, त्या कपाटापर्यंत चालत जाऊ. वाचकांपैकी ज्यांच्या माळ्यावर असे एखादे खोके पडून असेल, त्यांनी ते रद्दीत देण्यापूर्वी जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालांना एकदा विचारावे, ही विनंती.